वेंडेलने निवडलेला इतिहास

वेंडेल हॉस्टेटरने आयुष्यात मोजक्याच चुका केल्या (मोजणी त्याची बायको ठेवते, त्यामुळे तिचा आकडा वेगळा येतो). त्यांतली सगळ्यात मोठी चूक त्याने चार शब्दांत केली. ते शब्द होते, "त्यात काय एवढं अवघड?"

हॉस्टेटरांच्या तिन्ही मुली घरीच शिकत. तेरा वर्षांची हॅडसा, दहाची विनी आणि सहाची टॅबी. शिकवायचं काम रोझलिनचं, म्हणजे त्याच्या बायकोचं. वेंडेल आसपासच्या शेतांवर दूध थंड करायच्या टाक्या दुरुस्त करी, आणि शिक्षणातला त्याचा वाटा म्हणजे जेवताना "मग, आज काय शिकलात?" असं विचारायचं आणि उत्तर सुरू झालं की बटाटे वाढून घ्यायचे.

इतिहास त्यांच्याकडे गोष्टींतून शिकवला जाई. म्हणजे एक काळ निवडायचा, त्या काळातली एक चांगली कादंबरी घ्यायची, आणि मग नकाशे, स्वयंपाक, शिवण, चित्रं, सगळं त्या कादंबरीभोवती गुंफायचं. ऐकायला फार गोड. पण तो काळ निवडण्यात रोझलिनचा दर फेब्रुवारी जाई. यंदा तिसरा आठवडा उजाडला होता, जेवणाचं टेबल माहितीपत्रकांखाली बेपत्ता झालं होतं, आणि सगळं कुटुंब इस्त्रीच्या फळीवर जेवत होतं.

"मला समुद्री चाचे हवेत," हॅडसा म्हणाली.

"मला प्लेग," विनी म्हणाली. "उंदरांसकट."

"मला घोडे," टॅबी म्हणाली.

"अगं, घोडे हा काही काळ नाहीये," हॅडसा.

"सगळ्या काळात होते! तू चूप बस!"

इस्त्रीच्या फळीवरून सूप ओघळलं आणि त्याच क्षणी वेंडेलने ते चार शब्द उच्चारले. रोझलिनने चष्मा काढला. शांतपणे पुसला. पुन्हा घातला.

"बरं झालं बोललास," ती म्हणाली. "मग यंदा तूच निवड."

त्या शनिवारी चर्चच्या तळघरात घरी शिकवणाऱ्यांसाठी पुस्तकांचा मेळा होता. वेंडेल हात खिशात घालून आत शिरला. कॉम्प्रेसरच्या नुसत्या आवाजावरून त्याचं दुखणं ओळखणारा माणूस. त्याला पुस्तकांचं काय भय? पहिल्याच टेबलापाशी एका बाईने त्याला गाठलं.

"तुमच्या मुली शिकतात कशा?"

"भांडत," वेंडेल म्हणाला.

"तसं नव्हे हो. कानांनी, डोळ्यांनी की हातांनी?"

"भांडताना सगळंच वापरतात."

बाईने त्याच्याकडे दयेने पाहिलं आणि पुढच्या टेबलाकडे बोट केलं. पुढच्या टेबलावर अमेरिकन क्रांती होती. एकूण बेचाळीस कादंबऱ्या, दोन खोकी, वर एक तक्ता. वेंडेलने एक खोकं उचलून पाहिलं आणि त्याची कंबर म्हणाली, नको. त्याच्या पुढे रोम होतं; ते विकणारा गृहस्थ स्वतःच चादर नेसून उभा होता, आणि ती चादर नीट बसलेली नव्हती. वेंडेल नजर खाली घालून तिथून सटकला. कोपऱ्यात एक आजीबाई एकट्याच विणत बसल्या होत्या. त्यांच्यापुढे एकच कादंबरी होती, करंगळीएवढी जाड. प्राचीन इजिप्तमधल्या, मृतदेह जपून ठेवणाऱ्या एका कारागिराच्या मुलीची गोष्ट. सोबत एक मार्गदर्शिका.

"एवढंच?" वेंडेलने आशेने विचारलं.

"एवढंच," आजीबाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त वाचायला लागा. तो काळ आपल्या पायांनी तुमच्या घरात चालत येतो."

वेंडेलने मार्गदर्शिकेची पहिली दोन पानं चाळली, चित्रं बघितली, आणि सव्वाअकराला तो घरी परतलासुद्धा. "झालं," तो म्हणाला. "तीन आठवडे काय करत होतीस तू?" (ही दुसरी चूक. पण पहिलीपुढे ती कोणाच्या लक्षात राहिली नाही.)

आजीबाई खोटं बोलल्या नव्हत्या. मार्च संपेपर्यंत तो काळ चालत आला, आणि बूट न काढता आत आला. न्हाणीघराच्या दारावर गिधाडं आणि डोळे उमटले. जळक्या बुचाने मांजरीच्या डोळ्यांत काजळ घातलं गेलं, तिला देवी ठरवण्यात आलं, आणि वेंडेलची आरामखुर्ची देवस्थान म्हणून जाहीर झाली. टॅबी राणी झाली. राणी चालत नाही म्हणून तिला कपड्यांच्या टोपलीतून न्यावं लागे, आणि नेणारा गुलाम रोज संध्याकाळी साडेपाचला कामावरून घरी येई. थडगी बांधणाऱ्या कारागिरांनी एकदा काम बंद पाडलं होतं असं हॅडसाने वाचलं, तेव्हापासून भांडी तीन दिवस तशीच पडली.

"तूच निवडलंस," रोझलिन म्हणे, आणि हसू लपवायला तोंड फिरवी. तिलाही ती कादंबरी आवडली होती. मुली तर धडा संपला तरी पुस्तक खाली ठेवायला तयार नसत.

मे महिन्याच्या अखेरीस वेंडेल अंगणात गाडीखाली आडवा पडलेला असताना विनीचे पाय येऊन उभे राहिले.

"डॅड, शेवटच्या धड्यासाठी आम्हाला एक राजा हवाय. मेलेला."

"घ्या की," वेंडेल गाडीखालून म्हणाला.

"आईने आणून दिलाय. फक्त फ्रिजमधला खालचा कप्पा लागेल."

"घ्या म्हटलं ना! तो पाना दे इकडे."

आता मिसेस ब्रुबेकरांबद्दल सांगायला हवं. एकतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या या बाई दर जूनमध्ये येत, मुलींच्या वह्या तपासत, त्यांच्याशी बोलत आणि कागदावर सही करत. त्या सहीवर सगळं अवलंबून होतं. ती मिळाली नाही, तर सप्टेंबरमध्ये मुलींनी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसायचं आणि रोझलिनच्या आठ वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडायचं. त्या कधी येणार हे सांगायला त्यांनी फोन केला, तो नेमका वेंडेलने घेतला. बाजूला कॉम्प्रेसर धडधडत होता. त्याने दोनदा "काय?" विचारलं, तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली, म्हणून त्याने आपल्या मनाने गुरुवार ठरवला आणि घरी तसं सांगितलं.

मंगळवारी भर दुपारी दाराशी मिसेस ब्रुबेकर उभ्या होत्या.

रोझलिन गावाला बहिणीला आणायला गेलेली. मुली ओढ्यावर चिखलाच्या विटा पाडायला. घरात एकटा वेंडेल, आणि देवस्थानावर झोपलेली मांजर.

"अलभ्य लाभ!" वेंडेल म्हणाला. "या ना. जेवूनच जायचं आता." हे तो का बोलला, ते त्यालाही कळलं नाही. भीती वाटली की तो लोकांना जेवायला बोलावतो.

वह्यांचा गठ्ठा बाईंपुढे ठेवून तो स्वयंपाकघरात पळाला, फ्रिज उघडला, आणि त्याचे डोळे पाणावले. खालच्या कप्प्यात आख्खी कोंबडी! अंगभर मीठ चोळलेली, दालचिनी-लवंगा भरलेली, निगुतीने झाकून ठेवलेली. शेजारी चार छोट्या बरण्या. झाकणांवर मातीची डोकी, कुत्रा, माकड, ससाणा आणि एक माणूस. पोरींची कलाकुसर, तो कौतुकाने म्हणाला. एकीत काळीज होतं, एकीत पोटाची पिशवी. म्हणजे ग्रेव्हीचीसुद्धा तयारी! रोझलिनसारखी बायको मिळायला भाग्य लागतं. त्याने मीठ झटकलं, कोंबडी ओव्हनमध्ये सरकवली आणि बरण्या पातेल्यात उपड्या केल्या.

सव्वा तासाने मिसेस ब्रुबेकरांनी पहिला घास घेतला. मग पाणी प्यायल्या. दुसरा घास घेतला. मग पुन्हा पाणी प्यायल्या.

"जरा... खारट आहे," त्या म्हणाल्या.

"आमच्या घरची पद्धत आहे," वेंडेल म्हणाला. त्याच्या स्वतःच्या जिभेला घड्या पडल्या होत्या, पण तो नेटाने खात होता.

एवढ्यात मागचं दार आपटलं आणि चिखलाने माखलेल्या तिघीजणी आत आल्या. विनी सरळ फ्रिजकडे गेली. दार उघडलं. मग अशी किंकाळी फुटली की मांजर खुर्चीवरून उडाली.

"राजा नाहीये! राजा कुठे गेला?"

टॅबीचं लक्ष टेबलाकडे गेलं. "डॅडने राजाला खाल्लं," ती म्हणाली.

मिसेस ब्रुबेकरांचा काटा हवेतच थांबला. "राजा कोण?"

"आमचा राजा!" विनी रडत म्हणाली. "रविवारी मी स्वतः त्याचं पोट साफ केलं! माझ्या हातांनी!"

"तुमचा... कुत्रा?" बाई पांढऱ्याफटक पडल्या.

"नाही नाही!" वेंडेल घाईने म्हणाला. "कुत्रा बरणीवर होता!"

याने बाईंचं समाधान झालेलं दिसलं नाही. त्यांनी टेबलाची कड धरली. तेव्हा हॅडसा पुढे झाली, हात पुसले आणि म्हणाली, "मिसेस ब्रुबेकर, तुम्ही आत्ता खाल्लात तो राजा कुक्कुटहोतेप पहिला. जातीने कोंबडी. आतले अवयव बरण्यांत काढून, चाळीस दिवस मिठात ठेवून आम्ही त्याची ममी करणार होतो. आज तिसरा दिवस."

वेंडेलला डोळ्यांपुढे पिवळी बस दिसू लागली, आणि तिच्या खिडकीत तीन चेहरे. रोझलिनचा चेहरा मात्र त्याला बघवेना.

मिसेस ब्रुबेकरांनी काटा खाली ठेवला. तोंड टिपलं. आणि एकतीस वर्षांच्या सवयीने विचारलं, "शरीर नष्ट झालं, तर राजाचं काय होतं?"

विनीने नाक ओढलं. "त्याच्या आत्म्याला राहायला जागा उरत नाही. तो भटकतो."

"मग यावर उपाय?"

तिघींनी डोकी एकत्र केली. कुजबूज झाली, एक चिमटा काढला गेला, आणि टॅबी वळून म्हणाली, "नष्ट कुठे झालंय? तो डॅडच्या आत आहे. म्हणजे डॅड हीच त्याची पेटी."

"तर्क बिनचूक आहे," मिसेस ब्रुबेकर म्हणाल्या.

"अहो, पण..." वेंडेल म्हणाला.

"पेट्या बोलत नाहीत," विनीने सुनावलं.

जुन्या चादरी आल्या. टराटरा फाटल्या. वेंडेलला जेवणाच्या टेबलावर आडवं करण्यात आलं आणि पायाच्या अंगठ्यापासून गुंडाळायला सुरुवात झाली. कंबरेपर्यंत आल्यावर हॅडसाने त्याला, इजिप्तमधल्या मेलेल्यांच्या रिवाजाप्रमाणे, बेचाळीस देवांपुढे बेचाळीस पापं नाकारायला लावली.

"मी चोरी केली नाही," वेंडेल म्हणू लागला. "मी कोणाला रडवलं नाही. मी खोटं बोललो नाही..."

"थांबा," मिसेस ब्रुबेकर म्हणाल्या. "मघाशी ती घरची पद्धत म्हणालात, ते काय होतं?"

त्यानंतर त्याचं तोंडही बांधण्यात आलं.

"एक तंगडी मीही खाल्लीय," बाई जरा संकोचून म्हणाल्या. "तेव्हा न्यायाने माझाही एक पाय..." आणि त्यांनी बूट काढून पाय पुढे केला. विनीने तो घोट्यापासून गुडघ्यापर्यंत असा सुबक गुंडाळला की बाई कितीतरी वेळ तो इकडून तिकडून बघत राहिल्या.

रोझलिन बहिणीला घेऊन दारात आली तेव्हा तिला दिसलं ते असं: टेबलावर डोळे तेवढे सोडून नखशिखांत गुंडाळलेला नवरा, त्याच्या छातीवर काजळ घातलेली मांजर, भोवती रडक्या सुरात गाणाऱ्या तीन चिखलमाख्या पोरी, आणि एक पाय बांधलेल्या मिसेस ब्रुबेकर सुरात सूर मिळवतायत.

बहीण दारातूनच मागे वळली. रोझलिनच्या हातातली पिशवी खाली पडली. "तुम्ही तर गुरुवारी येणार होतात ना?" तिला एवढंच सुचलं.

"मंगळवारच म्हणाले होते मी. तीनदा," मिसेस ब्रुबेकर म्हणाल्या.

रोझलिनने टेबलाकडे पाहिलं. टेबलाने डोळे मिटून घेतले.

बाईंनी पर्समधून कागद काढला, पेटीच्या पोटावरच ठेवून भराभरा लिहिला, सही ठोकली आणि लंगडत गाडीकडे गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "इतिहास असा शिकलेली पोरं मी कधी बघितली नव्हती. कोणी निवडला हा विषय?"

"म्म्म! म्म्म्म!" वेंडेल जिवाच्या आकांताने म्हणाला.

"भूक लागली असेल त्याला," टॅबी म्हणाली.

रोझलिन कागद मोठ्याने वाचू लागली. हॅडसा, उत्तम. विनी, उत्तम. टॅबी, वयाच्या मानाने असामान्य. आईचं मार्गदर्शन आणि विषयाची निवड, प्रशंसनीय. मग ती अडखळली, हसू आवरायला खुर्चीवर बसली, आणि 'वापरलेलं शैक्षणिक साहित्य' या रकान्यातलं तिने डोळे पुसत पुसत वाचलं:

"जुन्या चादरी चार. मीठ, भरपूर. वडील एक. साहित्य साधं, घरात सहज मिळणारं. जरा आवाज करतं, पण पुढच्या वर्षी धाकटीला पुन्हा वापरता येईल."