साळिंदरांचा नाच आणि वीतभर अंतर

एका जंगलात बर्फ कधी पडतच नसे. त्यामुळे बाळांनो, बर्फावरच्या नाचाबद्दल तिथल्या प्रत्येकाचं मत अगदी पक्कं होतं. हसताय काय? पुढे ऐका.

त्या जंगलात तुळाजी आणि हौसा नावाचं साळिंदरांचं जोडपं राहत होतं. धबधब्याखालच्या शेवाळलेल्या कातळावर घसरत, आपटत दोघं नाचायला शिकली. साळिंदरांनी जोडीनं नाचायचं म्हणजे चेष्टा नाही. अंगभर काटे. म्हणून त्यांनी एक युक्ती बसवली होती. हातात हात, पण दोघांच्या मधे वीतभर अंतर. गिरकी असो, झुकणं असो, ते अंतर ना वाढायचं, ना कमी व्हायचं. एवढं जमवण्यात दोघांची उमेदीची वर्षं गेली.

लांब उत्तरेच्या डोंगरात एक गोठलेलं तळं होतं. तिथं सगळ्या जंगलांची मिळून नाचाची स्पर्धा भरायची. नाच दोन दिवस, आणि दोन्ही दिवसांचे गुण एकत्र. जिंकेल त्या जोडीला त्या तळ्यावरच राहून नाचायला मिळे. हौसानं खऱ्या बर्फावर पहिल्यांदा पाय ठेवला आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. ती तुळाजीला म्हणाली, "मला परत त्या कातळावर नाही जायचं. इथंच राहायचंय."

पहिल्या दिवशी दोघं अशी नाचली, की परीक्षक म्हणून बसलेला हिमबिबट्या पापणी लववायला विसरला. साळिंदरं पहिली आली. दुसरी आली राजहंसांची जोडी.

आता हे आपल्या जंगलात कसं कळलं म्हणाल, तर पोपटांमुळे. दर डोंगरावर एकेक पोपट बसवला होता. जे दिसेल ते तो ओरडून पुढच्याला सांगायचा. इकडची मतंही त्याच वाटेनं तिकडे जायची. ही सोय कुणी केली देव जाणे. केली नसती तर बरं झालं असतं.

जंगलात म्हाळसाकाकू नावाची एक रानम्हैस होती. काकू लहानपणी एकदा चिखलात घसरल्या होत्या. तेव्हापासून घसरण्याच्या विषयात त्यांचाच शब्द अखेरचा. साळिंदरं पहिली आली म्हणताच त्यांनी रवंथ थांबवलं.

"नाच चांगलाय हो," त्या म्हणाल्या. "पण प्रेम दिसत नाही. नवरा-बायको ना ती? मग एवढं लांब लांब कशाला?"

झालं. अस्वल म्हणालं, त्यालाही नेमकं हेच वाटत होतं, फक्त शब्द सापडत नव्हते. कोल्ह्यानं सांगितलं, त्यांच्या घरात काहीतरी बिनसलंय, त्याच्याकडे आतली बातमी आहे. माकडं नाचाच्या वेळी झोपली होती, तीच सगळ्यांत जास्त चिडली. संध्याकाळपर्यंत जंगलाचं एकमत झालं आणि पोपट कामाला लागले.

तळ्याकाठी निरोप पोचला, की आपलं जंगल नाराज आहे, जरा प्रेम दिसू द्या. तुळाजी म्हणाला, सोडून दे, त्यांना काय कळतंय. पण हौसाचं मन खायला लागलं. परका हिमबिबट्या खूश आणि आपलेच लोक नाराज, हे तिला सोसवेना.

"उद्या मला जवळ घे," ती म्हणाली.

"काटे लागतील."

"लागू देत. सगळं जंगल बघतंय."

दुसऱ्या दिवशी तुळाजीनं तिला जवळ घेतलं. पहिल्याच गिरकीत त्याचे काटे तिच्या खांद्यात रुतले आणि तिचे त्याच्या पोटात. दोघं कळवळली, एकमेकांत अडकली आणि बर्फावर धाडकन आडवी झाली. हिमबिबट्यानं मान खाली घातली. त्यांना सोडवायला याक बोलवावे लागले.

पोपटांनी हे सांगितल्यावर जंगलात रडारड झाली. काकूंना तर हुंदका आवरेना. याला म्हणतात प्रेम, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

मग निकाल आला. अर्धवट राहिलेल्या नाचाला गुणच नाहीत, म्हणून साळिंदरं शेवटची. राजहंस पहिले. हे राजहंस हुशार. पहिल्या दिवशी त्यांनी साळिंदरांचा नाच नीट पाहिला होता, आणि दुसऱ्या दिवशी मधे बरोबर वीतभर अंतर ठेवून नाचले. ते ऐकून आपलं जंगल हरखून गेलं. काय ती शिस्त, काय ती अदब, आपल्या साळिंदरांना एवढं साधं कळू नये, असं जो तो म्हणू लागला.

तुळाजी आणि हौसा लंगडत परत आली. जंगलानं मोठ्या मनानं त्यांचा सत्कार केला. शाल घातली, ती काट्यांवर फाटली. काकूंनी भाषण केलं आणि पुढच्या वेळी कुठं सुधारायचं ते समजावून सांगितलं. हौसानं सगळं ऐकून घेतलं. तिचा खांदा अजून ठणकत होता.

शेवटी तिनं हळूच विचारलं, "काकू, तुम्ही बर्फ पाहिलाय का हो कधी?"

"छे गं बाई," काकू म्हणाल्या. "म्हणून तर माझं मत निःपक्षपाती असतं."

तात्पर्य : नाचणारे पडतात. परीक्षक चुकतात. मत देणारा पडतही नाही आणि चुकतही नाही. तेव्हा बाळांनो, मोठेपणी कातळावर हाडं मोडून घेऊ नका. मत देणारे व्हा.