डोळे मिटणाऱ्या बाई आणि इतर फोल्डर

"भाऊजी, यातले कोणते फोल्डर शोधायच्या यादीत, म्हणजे इंडेक्समध्ये, घालू?" मेहुणीने कॉम्प्युटरवरून नजर न काढता विचारलं.

"सगळे घाल," फोटोवाला म्हणाला. पासपोर्टच्या फोटोसाठी बसलेल्या एका गिऱ्हाइकाची हनुवटी सरळ करण्यात तो गुंतला होता.

"नावं एकदा बघून घेता का?"

"बघायचं काय त्यात? मीच तर दिलीत."

घोडं पेंड खाणार होतं ते नेमकं इथेच. फोटोवाल्याला माणसांची नावं कधीच लक्षात राहत नसत, चेहरा मात्र तो जन्मात विसरत नसे. त्यामुळे गिऱ्हाइकाचे फोटो ठेवायचे, सोबत फोन नंबर लिहायचा आणि फोल्डरला चटकन आठवेल अशी खूण द्यायची, ही त्याची पद्धत. 'डोळे मिटणाऱ्या बाई'. 'मान नसलेले काका'. 'पोट आत घ्या'. यात वाईट हेतू काडीचाही नव्हता. अडचण एवढीच, की त्याच्याशिवाय कुणाला काही सापडत नसे. तो बाहेर गेला, की गल्ल्यावर बसलेली बायको आणि गिऱ्हाईक एकमेकांची तोंडं बघत बसत.

शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी तर निर्वाणीचंच सांगितलं होतं, "मागचे फोटो मागितले की तुम्ही आठवडा लावता. यंदाही तसंच झालं, तर शाळेचं काम दुसरीकडे देईन." शाळेच्या कामावर दुकानाचं निम्मं वर्ष निघत असे. म्हणून तर कॉम्प्युटरमधली जाणकार मेहुणी एआय एजंट बसवायला आली होती. गिऱ्हाइकाने मेसेज पाठवायचा, एजंटने नंबर जुळवून फोटो शोधायचे आणि पाठवून द्यायचे. एकाचे फोटो दुसऱ्याला द्यायचे नाहीत, हेही तिने त्याला बजावून ठेवलं. फोल्डरच्या नावांबद्दल मात्र कुणीच काही बजावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एजंटने पहिलं उत्तर धाडलं. 'नमस्कार. आपले फोटो "डोळे मिटणाऱ्या बाई" या फोल्डरमध्ये सापडले. सोबत पाठवत आहे. आणखी काही सेवा?'

थोड्याच वेळात त्या बाई दुकानात हजर झाल्या. डोळे चांगले टक्क उघडे होते.

"हे काय लिहिलंय हो?"

"अहो, ती आपली खूण..."

"मिटतात का माझे डोळे? बघा बरं! मिटतात?"

त्यांच्या मागे एक काका उभे होते. ते रागाने मान हलवत होते, म्हणजे हलवत असावेत. फोटोवाल्याने आत जाऊन मेहुणीला फोन लावला.

"अगं, त्याला आधी गप्प कर!"

"भाऊजी, कुठे सापडलं ते सांगायचं असं त्याला शिकवलंय. मी संध्याकाळी येते, तोवर तुम्ही नावं बदला."

फोटोवाला घाम पुसत बसला आणि झाडून सगळ्यांना त्याने मान्यवर करून टाकलं. 'मान्यवर एक', 'मान्यवर दोन', असं करत अख्खं गाव मान्यवर झालं. पण जुन्या नावाने कुणी शोधलं तरी सापडावं, म्हणून इंडेक्सने जुनी नावंही जपून ठेवली होती. लगेच पुढचा मेसेज गेला. 'आपले फोटो "मान्यवर सात" या फोल्डरमध्ये सापडले. पूर्वीचे नाव: "पोट आत घ्या".'

"झालं!" बायको म्हणाली. "आधी नुसतं लिहिलं होतंत, आता लपवताना सापडलात."

बाकावर ठिय्या दिलेल्या डोळे मिटणाऱ्या बाई अचानक तिच्याकडे सरकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "काय हो, माझ्या जावेचं काय लिहिलंय?"

बायकोने नवऱ्याकडे बघितलं नाही. बाईंनी सांगितलेला नंबर टाकला आणि एजंटने फोटो न देता तेवढं नाव सांगितलं: 'दागिने पुढे, माणूस मागे'.

"अगदी! अगदी असंच आहे तिचं!" बाईंचा चेहरा खुलला. जाताना त्या स्वतःचा फोटो मोठा करून, चौकटीत बसवून मागायला विसरल्या नाहीत. मग काकांना साडूचं नाव हवं झालं. भांडायला येणारा प्रत्येक जण कुणाचा तरी नंबर पाठ करूनच येऊ लागला.

दुपारी मुख्याध्यापिकाबाई आल्या आणि दुकानात वर्गात पसरते तशी शांतता पसरली. त्यांनी चष्मा लावून फोनवरचा मेसेज मोठ्याने वाचला. "मान्यवर एक. पूर्वीचे नाव, 'हसवायचा प्रयत्न करू नये'."

फोटोवाला लगबगीने पुढे आला. निम्मं वर्ष डोळ्यांदेखत दाराबाहेर चाललं होतं. "बाई, चूक झाली. हवं तर यंदाचे फोटो..."

"फोटो लगेच मिळाले," बाई म्हणाल्या. "ते ठीक आहे." मग त्यांनी दाराकडे एकदा बघून घेतलं. "आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचे फोटोही तुमच्याचकडे असतील ना?"

"आहेत."

"कोणत्या... फोल्डरमध्ये?"

फोटोवाला कॅमेरा पुसू लागला. बायकोनेच वाचलं, "'खुर्ची सोडायला तयार नाहीत'. अहो, उभ्याने फोटो काढूच देत नाहीत ते, म्हणून हो."

बाईंनी ओठ घट्ट मिटले. खांदे हलले. मग त्या बाकावर बसल्या आणि पदराने डोळे पुसत इतक्या हसल्या, की मान नसलेले काकासुद्धा घाबरले.

"शाळेचं काम तुमच्याकडेच," श्वास सापडल्यावर त्या म्हणाल्या. "पण माझं ते नाव बदला. जुनंही दिसता कामा नये."

"आत्ता बदलतो. काय ठेवू?"

बाईंनी जरा विचार केला. "खरं तेच ठेवा. 'एकदा हसल्या'."

संध्याकाळी मेहुणीने बाईंचं जुनं नाव इंडेक्समधून काढून टाकलं. ती चप्पल घालते न घालते तोच अध्यक्षांचा फोन आला. फोटोवाला खुर्चीतून ताडकन उठला.

"साहेब, तुमच्या फोल्डरचं नाव आम्ही..."

"ते राहू दे हो. मला कळलंय ते," अध्यक्ष हलक्या आवाजात म्हणाले. "आमच्या मुख्याध्यापिकाबाईंचं काय आहे तेवढं सांगा."

"'एकदा हसल्या', साहेब."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"काहीतरीच काय!" अध्यक्ष म्हणाले. "कधी?"