सातव्या आसामीची समुद्रस्वारी

नमन श्रीगजाननास, नमन कुलस्वामिनीस, आणि नमन त्या समुद्रास, जो कोणास बोलावीत नाही आणि आलियास नको म्हणत नाही. ही हकीकत लिहिण्याची आज्ञा कोणी केली नाही. तथापि न लिहावी तर थोरले चिरंजीव सांगतील तेवढीच खरी ठरेल, सबब लिहिली. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, श्रावण शुद्ध तृतीया, रविवासर, ते दिवसापासून आरंभ.

एक दौलत होती. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. राजधानी चौथ्या मजल्यावर, लिफ्ट चालू असता सुगम, बंद असता दुर्गम. महाराज कैलासवासी होऊन नऊ वर्षे लोटली होती आणि राजधानीत मातोश्री कुमुदबाईसाहेब एकट्याच राज्य करीत होत्या. थोरले चिरंजीव मकरंदराव शहराच्या दुसऱ्या टोकास, धाकटे परागराव परशहरी; दोघांस एक एक राणी आणि एक एक अपत्य. ऐसे एकूण सात आसामी. हा आकडा वाचणाराने ध्यानी धरावा, पुढे याच आकड्याने घात केला.

दर रविवारी फोनच्या पडद्यावर दरबार भरत असे. त्या तृतीयेच्या दरबारी मकरंदराव बोलते जाहले, "आई, कार्तिकात तुझी पंचाहत्तरी. हॉल नको, कॅटरर नको. आपण सगळे क्रूझवर जाऊ. चार दिवस समुद्रात, सगळे एकत्र." हे ऐकोन बाईसाहेबांचे चित्त चाळीस वर्षे मागे गेले. महाराज हयात असता एकदाच त्यांस लाँचीतून खाडीपलीकडे घेऊन गेले होते. भरतीची वेळ, लाँच हेलकावे खाई, निम्मी माणसे ओकत होती आणि बाईसाहेब कठड्यास धरून हसत उभ्या होत्या. महाराज म्हणाले, "तू तर पक्की खलाशीण निघालीस. एकदा मोठ्या बोटीतून नेईन तुला." मग संसार, मग मुलांच्या शाळा, मग महाराजांचा दमा, आणि मोठी बोट राहून गेली. ती बोट आता पोरांच्या तोंडून आली, तेव्हां बाईसाहेबांस गहिवरून आले, परंतु मुखे इतकेच वदल्या, "कशाला रे एवढं."

येथे या दौलतीची एक रीत सांगणे जरूर. वडीलधाऱ्याने पहिल्या विचारण्यास नको म्हणावे, दुसऱ्या विचारण्यास नको म्हणावे, आणि तिसऱ्यांदा कोणी हात धरला म्हणजे, बरं बाई, एवढं म्हणताय तर, ऐसे म्हणोन होकार द्यावा. पहिल्याच विचारण्यास हो म्हणे तो हावरा. बाईसाहेबांस ही रीत त्यांच्या सासूबाईंनी लावली, जिलबीच्या पंगतीत, आणि अर्धे शतक त्यांनी ती मोडली नाही. दोन्ही चिरंजीव लहानपणापासून हेच पाहात आले. आईस पोळी वाढणे तर तीनदा विचारावे, हे त्यांस पाढ्यांच्या आधी येत होते.

मग मसलतीस प्रारंभ जाहला. आरमारे दोन. थोरले आरमार महागाचे: प्रत्येक खोलीस समुद्राकडे बाल्कनी, जेवणास टेबलावर मांडून वाढणारे, बिछान्यावर टॉवेलाचे हंस करून ठेवणारे नोकर, आणि गुडघेदुखीच्या माणसास दर मजल्यास लिफ्ट. धाकटे आरमार स्वस्ताचे: खोल्या पोटात, खिडकी नाही, दिवस की रात्र ते घड्याळाने कळावे, जेवणास थाळी घेऊन रांग, पिण्याच्या पाण्यासही पैसे, आणि माथ्यावर अहोरात्र डीजे. मात्र त्याच्या एका खोलीत चार माणसे मावत, म्हणजे दोन खोल्यांत सातही आसामी बसत. थोरल्या आरमाराच्या मागे मकरंदराव आणि त्यांची राणी शर्वरीबाई, जिची बहीण गतवर्षी त्याच जहाजावर जाऊन चारशे फोटो पाठवून चुकली होती. धाकट्याच्या मागे परागराव आणि त्यांची राणी केतकीबाई. दोन महिने लढाई चालली. सकाळी एक फौज फोनवर जहाजाचे चित्र धाडी, दुपारी दुसरी फौज त्या जहाजाची निंदा कोणी परक्याने लिहिलेली शोधून धाडी. आणि मौज ही, की दोन्ही फौजांचे निशाण एकच होते. शर्वरीबाई म्हणत, "आईंच्या गुडघ्यांना तेच जहाज बरं." परागराव म्हणत, "आईला सगळी एकत्र हवीत, बाल्कनी नको." ज्याचे त्याचे हट्ट आईसाहेबांच्या पदराखाली लपले. आईसाहेबांस काय हवे ते कोणी पुसले नाही.

पुसले म्हणावे तर दोनदा पुसले. एकदा भाद्रपदात मकरंदराव म्हणाले, "आई, तुला बाल्कनीचीच खोली हवी ना?" बाईसाहेब रीतीस स्मरोन वदल्या, "नको रे, मला म्हातारीला कसली बाल्कनी." हे एक नको. परागरावांनी ते तात्काळ उचलून आपल्या बाजूस लाविले. दुसऱ्यांदा आश्विनात परागराव म्हणाले, "आई, चार दिवस झेपेल ना तुला? येणार ना नक्की?" बाईसाहेब म्हणाल्या, "नको, तुम्ही जा हौसेनं. माझी कशाला अडचण." हे दुसरे नको. आणि मग बाईसाहेब तिसऱ्या विचारण्याची वाट पाहात बसल्या.

नुसत्या बसल्या नाहीत. वेल्क्रोची पट्टी लावण्याचे जोडे घेतले, कारण जहाजावर चप्पल निसटते ऐसे कोठे वाचले होते. जन्मात पहिल्याने पंजाबी ड्रेस शिवला, आणि शिंपीण तो नातीसाठी समजली तेव्हां तिला सांगितले की नातीच्या मापाने नको, माझ्या मापाने घे. डॉक्टराकडे जाऊन प्रवासास तंदुरुस्त ऐसा दाखला घेतला आणि तो पर्शीत घडी घालून ठेवला. लिफ्ट चालू असता चार मजले जिन्याने चढू उतरू लागल्या. यातले एक अक्षर चिरंजीवांस सांगितले नाही. सांगणे म्हणजे मागणे, आणि मागणे त्यांच्या रीतीत नव्हते. लिहिणारास या जागी त्यांचाही राग येतो.

मग दसऱ्याचे दुसरे दिवशी प्रवासकंपनीचा वकील खलिता घेऊन आला, की थोरल्या आरमाराच्या दोनच बाल्कनीच्या खोल्या उरल्या आहेत, एका खोलीत तीन माणसे, दर उतरवून देतो, परंतु आजच्या आज होकार द्यावा. केतकीबाईंनी तोवर बाल्कनीची चित्रे इतकी पाहिली होती की त्यांचे मन कधीच फितूर जाहले होते. दोन खोल्या, तीन तीन माणसे, म्हणजे सहा. सातव्यास काय? वकील बोलिला, "तिसरी खोली देऊ, पण एकटं माणूस असलं तर दोघांचं भाडं पडतं. नियमच आहे." विधवेने मेलेल्या नवऱ्याचेही तिकीट काढावे, ऐसा तो नियम. दोन्ही बंधू त्या सायंकाळी फोनवर बोलले. मग मकरंदराव म्हणाले, "आई तसंही नकोच म्हणत होती." परागराव म्हणाले, "दोनदा म्हणाली." दोन महिन्यांची लढाई त्या दोन वाक्यांत मिटली आणि तह जाहला. जे परागराव सातही एकत्र म्हणोन भांडत होते, त्यांनीच आगाऊ रक्कम आधी भरली.

पुढील रविवारी दरबार भरला. मकरंदराव वदले, "आई, तुझ्या मनासारखं केलं बघ. तुला दगदग नाही. आम्ही सहा जण जाऊन येतो, आल्यावर घरी तुझं औक्षण." बाईसाहेबांनी एवढेच पुसले, "तिथं जेवायचं टेबल कितीजणांचं असतं रे?"

"आठ जणांचं. का गं?"

"काही नाही. सहज विचारलं."

तेथे कोणी एक जण जरी म्हणता, की आई, तुला यायचंय का, तर तिसरे विचारणे पुरे होत होते. शर्वरीबाई पुसत्या जाहल्या की पोरांसाठी चकली करून देता का. बाईसाहेबांनी चकली केली.

कार्तिक शुद्ध नवमी, जन्मतिथी. सहाही आसामी भर समुद्रात, टेबलाशी सात खुर्च्या घेऊन बसले. सातव्या खुर्चीवर फोन उभा केला, त्यात बाईसाहेब राजधानीतून दिसत होत्या. वाढप्याने केक आणिला, त्यावर नाव घातले होते. पोरांनी गाणे म्हटले. केतकीबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आई, तुम्ही इथेच आहात असं वाटतंय." बाईसाहेब म्हणाल्या, "हो हो." त्यांनी त्या दिवशी नवा पंजाबी ड्रेस घातला होता. फोन ऐसा धरिला की गळ्यापर्यंतच दिसावे, सबब तो कोणास दिसला नाही. मागे समुद्र कसा आहे ते दाखवा म्हणावे ऐसे त्यांच्या मनी आले, तो वायफाय तुटले.

चौथे दिवशी मंडळी परतली ती थेट राजधानीस आली. औक्षण जाहले. जहाजाच्या दुकानातून आणिलेला चॉकलेटांचा डबा उघडला आणि मकरंदरावांनी एक चॉकलेट आईसाहेबांपुढे धरिले. "घे, आई." त्या म्हणाल्या, "नको रे, साखर वाढलीय." परागराव म्हणाले, "एक घे गं, काही होत नाही." त्या म्हणाल्या, "नको." तेव्हां दोन्ही चिरंजीव दोन्ही बाजूंस बसले, एकाने हात धरिला, एकाने कागद सोडिला आणि म्हणाले, "आमची शपथ आहे तुला." बाईसाहेबांनी तोंड उघडिले आणि चॉकलेट खाल्ले. परागराव हसोन केतकीबाईंस म्हणाले, "बघ, आईला तीनदा आग्रह करावाच लागतो."

ऐसी समुद्रस्वारी फत्ते जाहली. थोरले जहाज उत्तम होते, हे कबूल. सहा आसामी सुखरूप परत आले. सातवी आसामी कोठे गेलीच नव्हती, सबब तिच्या परतण्याचा मजकूर दप्तरी नाही. वेल्क्रोचे जोडे बाईसाहेबांनी दुसरे दिवशी मोलकरणीस देऊ केले. ती नको म्हणाली. बाईसाहेबांनी तीनदा विचारिले, आणि मग तिने घेतले.