उजव्या हाताची खुर्ची

चहाला आम्ही दोघंच असलो तरी वॉल्टरकाका मला कुठे बसायचं ते सांगतात. "तू डावीकडे." उजवीकडची खुर्ची मुख्य पाहुण्याची. ती कायम रिकामी.

वॉल्टरकाका निवृत्त अमेरिकन राजनैतिक अधिकारी. डीमन या डच गावात मी ज्या इमारतीत खोली घेऊन राहतो, तिथेच खालच्या मजल्यावर असतात. उमेदीच्या काळात मुंबईत होते. तेव्हा शिकलेली मराठी अजून इस्त्री करून ठेवल्यासारखी बोलतात. पहिल्या दिवशी मी चाचरत 'काका' म्हणालो, तर म्हणाले, "चालेल. याच्या वरची बढती नको."

साखर पुरे का, असं विचारलं की म्हणतात, "यावर माझ्या सरकारचं मत अजून ठरलेलं नाही." शेजारच्या बाईंनी त्यांची सायकल न विचारता हलवली, तेव्हा त्यांनी दारात जाऊन 'तीव्र चिंता' व्यक्त केली आणि संध्याकाळी केक नेऊन दिला. "आधी चिंता, मग केक. उलटं केलं तर चिंतेला किंमत राहत नाही."

खुर्चीचं मात्र मला लागायचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आपण कुठे बसायचं ते दुसऱ्यांनी ठरवायचं, हे माझ्या आजोबांनी जन्मभर सोसलं. एकदा धीर करून विचारलं, "काका, मी उजवीकडे कधीच नाही का?"

त्यांनी ती खुर्ची टेबलाशी सरळ केली. मग म्हणाले, "ती एलनची आहे."

एलन त्यांची मुलगी. ट्रामने थोड्याच अंतरावर राहते. तिच्यासाठीच ते या देशात आले, पण ती त्यांच्या घरी येत नव्हती.

"आमच्याकडे सतत मेजवान्या," काका म्हणाले. "मुलांना टेबलाशी जागा नसायची. देश बदलत गेले, ती स्वयंपाकघरात जेवत राहिली. आता दर रविवारी बोलावतो. ती म्हणते, बघते."

"मग येतील की."

"आमच्या पेशात 'बघते' म्हणजे नाही."

गेल्या रविवारी ती आली. काकांनी मला वरण-भात करायला बोलावलं होतं. टेबलावर पांढरा टेबलक्लॉथ, उजवीकडची खुर्ची किंचित मागे ओढलेली. एलनने कोट काढला, खुर्चीकडे पाहिलं आणि सरळ आत स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसली.

"माझी जागा इथे असायची," ती इंग्रजीत म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. मी वरण ढवळत राहिलो.

काका दारात उभे होते. ते परत गेले तेव्हा मला वाटलं, संपलं. पण ते आपली ताटली घेऊन आले. जन्मभर लोकांच्या जागा ठरवणारा माणूस दोन्ही हातांत रिकामी ताटली धरून तिथे उभा राहिला.

"एलन, मी कुठे बसू?"

तिने त्या ताटलीकडे पाहिलं. मग पायाने दुसरं स्टूल आपल्याकडे ओढलं.

"डावीकडे," ती म्हणाली.