उसना कोमल गंधार

कुशाबा मांडेकरांचं म्हणणं साधं होतं. बँड म्हणजे सगळ्यांनी एकच सूर वाजवायचा. तिघांनी तीन सूर वाजवले की त्याला चूक म्हणतात. चांद्याचा बँड त्यांनी तीस वर्षं असाच चालवला आणि कुणाची तक्रार आली नाही. अठ्ठ्याहत्तर साली फुंकताना दम लागायला लागला, तेव्हा त्यांनी मास्तरची तुऱ्याची लाल टोपी पुतण्याच्या, म्हणजे सोपानच्या डोक्यावर ठेवली. पण तीही उसनी.

"हौसाच्या लग्नापुरती देतुया," ते म्हणाले. "माझ्या नातीचं लगीन हाय. नीट वाजलं तर टोपी तुझी. इस्कटलं तर मांडवातच उतरवून घेईन."

सोपानला कसली भीती? गडी बारा वर्षं पलटणीच्या बँडमध्ये कॉर्नेट फुंकून आला होता. त्याने दुसऱ्याच दिवशी अंगणात तालीम लावली. किसनच्या पोटाएवढ्या भोंग्याला सा दिला, गेणबाच्या ट्रंपेटला गंधार आणि आनंदाच्या क्लॅरिनेटला पंचम. तिघांनी एकदम फुंकलं आणि गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

"ह्याला कॉर्ड म्हनत्यात," सोपान म्हणाला. "आता ह्योच कॉर्ड उलटायचा. सा तळातनं काढून डोक्यावर न्यायचा. तळाला गंधार."

"म्हंजी माझ्या उतरंडीगत?" सोपानची बायको चांगुणा उंबऱ्यातून म्हणाली. "तळाला ल्हान गाडगं ठिवून बघा, मग कळंल."

"मडक्यांची पडती, सुरांची न्हाई पडत. मडकी तीच, बसायची रीत येगळी." मग तो गेणबाकडे वळला. "आन गेणबा, तुझ्यापाशी खरी गंमत हाय. मधीच एकदा गंधार कोमल लावायचा. आपलं घर हसरं, पर शेजारच्या रडव्या घरातनं येक सूर उसना आणायचा. शेजारणीकडनं इरजण आणत्यात तसा. काम झालं की लगीच परत."

"आन परत न्हाई करता आला तर?" गेणबा मुळात भित्रा.

"मधली कळ दाबली की कोमल, सोडली की शुद्ध. परत करायला काय धाड भरलीय?"

लग्न माघातलं, मुहूर्त सकाळचा. मुळा नदीवरून असं गार वारं येत होतं की गेणबाच्या ट्रंपेटच्या कळा आखडून बसल्या. तेलाची बाटली घरी राहिलेली. पण आचाऱ्यापाशी तुपाचा डबा होता. शुभकार्याला तेलापेक्षा तूप बरं, असा विचार करून गेणबाने दोन बोटं तूप कळांना चोपडलं. देवाला नैवेद्य दाखवावा तशा भक्तिभावाने चोपडलं हो!

तेवढ्यात दुसरी भानगड. किसन हा नवरीच्या आईचा, धोंडाबाईचा सख्खा भाऊ. म्हणजे नवरीचा मामा. मंगलाष्टकांच्या वेळी मामाला नवरीमागे उभं राहावं लागतं आणि तिथे भोंगा घेऊन उभं राहता येत नाही. ही गोष्ट महिनाभरात कुणाच्याही ध्यानात आली नव्हती, किसनच्यासुद्धा नाही.

"सा माझा हाय," भोंगा बाजेखाली सरकवत किसन म्हणाला. "माझ्यामागं भलत्यानं हात लावायचा न्हाई."

सोपान हसला. "जा मामा, बिनघोर ऱ्हावा. कॉर्ड उलटाच वाजवू. तळाला गेणबाचा गंधार, मधी माझा पंचम, वरचा सा आनंदा घील."

शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या आणि बँड सुरू झाला. खरं सांगायचं तर झकास सुरू झाला. कुशाबांचीसुद्धा मान जरा हलली. ठरल्या जागी गेणबाने मधली कळ दाबली, कोमल गंधार लागला आणि साऱ्या मांडवाच्या अंगावर काटा आला. मग त्याने बोट उचललं. बोट वर आलं, कळ खालीच राहिली.

"सोड की!" सोपान पुटपुटला.

"सोडलीया! तूप थिजलंय!"

गेणबा फुंकायचा थांबेना, कारण थांबायला कुणी सांगितलंच नव्हतं. तो रडवा सूर मांडवभर हिंडायला लागला. धोंडाबाईने गळाच काढला, "माझी हौसा गंऽऽ!" तिच्यामागे जावा रडल्या, नणंदा रडल्या, हौसा रडली. मामा तर भोंग्यापेक्षा मोठ्याने रडला.

नवऱ्याच्या हातातला हार हवेतच राहिला. नवऱ्याचा बाप जयसिंग ताडकन उठला.

"थांब रं, हार घालू नगंस! पोरीला मनाइरुद्ध उभी केलीया व्हय? खरं काय ते सांगा, न्हाईतर गाड्या जुपतो!"

कुशाबा जागेवरून उठले. ते आले, सोपानच्या डोक्यावरची टोपी उचलली आणि माघारी जाऊन बसले. सोपान आयुष्यात पहिल्यांदा घाबरला. टोपी गेली ती गेली, पण पुतणीचं लग्न मोडायला आलं! गंधार परत जात नाही. जात नाही ना? मग त्याला घरातच ठेवून घ्यायचा.

"गेणबा, हाय तसाच फुंक!" तो ओरडला. "परत जात न्हाई तर घरजावई करू त्याला. आनंदा, सा सोड! येक पायरी खाली, कोमल निषादावर!"

आनंदा एक पायरी उतरला. बस्स! तळाचा कोमल गंधार तोच, मधला पंचम तोच. पण आता गंधार घरचा कर्ता असल्यासारखा ऐटीत उभा राहिला. रडव्या घरात एकदम हळदीकुंकू निघालं. बायकांना पुढचा हुंदका सापडेना. धोंडाबाई डोळे पुसता पुसता हसली. हौसाने तर स्वतःच मान पुढे केली आणि नवऱ्याने घाईघाईने हार घालून टाकला.

"आं? ह्यो तर झ्याक बाजा हाय!" जयसिंग म्हणाला आणि पायाने ताल धरून खाली बसला.

ल्हान गाडगं तळाला बसलं आणि उतरंड पडली नाही. चांगुणाने ते पाहिलं, पण कबूल केलं नाही.

सोपान कुशाबांसमोर जाऊन उभा राहिला. टोपी त्यांच्या मांडीवर होती. "नशिबानं निभावलं," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे माझ्यापाशीच."

दुपारी पाठवणी. उन्हं चढली, तूप वितळलं, कळ मोकळी झाली. किसन भोंगा घेऊन हजर झाला. पण सोपानने आता कानाला खडा लावला होता. "उसनवारी बंद! समदं शुद्ध वाजवायचं."

आणि समदं शुद्ध वाजलं. इतकं आनंदी वाजलं की हौसा हसत हसत बैलगाडीत चढली. धोंडाबाई पदराने कोरडेच डोळे चोळत होती, शेवटी तिने स्वतःला चिमटा काढून पाहिला. वराकडच्या बायका कुजबुजायला लागल्या, "आईला लेकीचं कायबी वाटंना जनू!"

कुशाबांना केव्हाचं मोकळं व्हायचं होतं, पण असल्या वाजण्यात रडायचं तरी कसं? ते तडक उठून सोपानपाशी आले.

"सोपाना, ती सकाळची चूक आजून येती का रं तुमास्नी?"

"कोमल गंधार? येतो की. पर काका, तुमीच तर..."

"वाजव म्हन्तो न्हवं! नात चाललीया माझी!"

गेणबाने कळ दाबली. तळाला किसनचा सा, त्यावर कोमल गंधार, वर पंचम. पहिला हुंदका धोंडाबाईचा, दुसरा हौसाचा. मग वराकडच्या बायका फुटल्या. जयसिंगने फेट्याचा शेमला डोळ्याला लावला. कुशाबांनी हातात जे होतं त्यानेच तोंड पुसलं. हातात टोपी होती.

ती ओली टोपी त्यांनी सोपानच्या डोक्यावर कानांपर्यंत दाबून बसवली.

"तिघं तीन वाजवतायसा म्हंजी चुकतंय ते चुकतंयच," ते नाक ओढत म्हणाले. "पर आता आसंच चुकत ऱ्हावा."