अप्पांच्या आडावरचा वूफर

"सुम्म कुंद्री! आधी ते घड्याळ काढा. कंट्रोलर साहेब, हातावर घड्याळ बांधलंय का पिठाची गिरणी?"

मी घड्याळ काढलं. मग खिशातल्या किल्ल्या काढायला लावल्या, मग सुट्टे पैसे, मग पेन, कारण पेनाला स्प्रिंग असते. एवढं करून मी खुर्चीत टेकलो, तर मन्मथअप्पा माझ्या नाकाकडं बघत म्हणाले, "श्वास जरा कडंनं घ्या."

मी उदगीरच्या बसस्टँडवर कंट्रोलर होतो. सबंध नोकरी भोंग्यावर गाड्यांची नावं पुकारण्यात गेली. माझ्या कानांचं त्यात जे झालं ते झालं. पण श्वास कडेनं घ्यायला मला जन्मात कोणी सांगितलं नव्हतं.

मन्मथअप्पांच्या भाषा तीन. मोंढ्याच्या बाजारात मराठी, हमाल-मिस्त्र्यांशी दखनी, आणि डोकं फिरलं की घरची कन्नड. 'सुम्म कुंद्री' म्हणजे गप बसा. आमच्या गल्लीतल्या ज्या पोरांना शाळेत बाराखडी आली नाही, त्यांनाही एवढी कन्नड येते.

अप्पांची डाळमिल होती. तुरीची डाळ होताना जो खडखडाट होतो तो त्यांनी उभ्या आयुष्यभर ऐकला. मिलमध्ये इतक्या वरच्या पट्टीत बोलायची सवय, की घरी ते देवाचं नाव पुटपुटले तरी शेजारचे लोक 'काय झालं' म्हणून विचारायला येत. पुढं काकू गेल्या, पोरगा बंगलोरला गेला, मिल पुतण्याकडं गेली. अप्पा म्हणाले, लई गोंगाट ऐकला, आता जरा आवाज ऐकतो. आणि हैदराबादला जाऊन टेम्पो भरून सामान घेऊन आले.

सात स्पीकर. म्हशीच्या रेडकाएवढा जड एक ॲम्प्लिफायर. मनगटाएवढ्या जाड वायरी. भिंतीला परदेशी गाद्या लावाव्या लागतात असं दुकानदारानं सांगितलं होतं. अप्पांनी मिलमधला बारदाना आणला, पोत्यांत तुरीचा भुसा ठासून भरला आणि चारी भिंतींना छतापर्यंत ठोकला. आवाज सुरेख बसला. फक्त शेजारच्या शांताबाईची म्हैस दोनदा दार ढकलून खोलीत शिरली, आणि ती काही संगीतासाठी आली नव्हती.

ॲम्प्लिफायरला रोज सकाळी भस्माचे तीन पट्टे ओढले जात. सोमवारी वूफरवर बेल. पहिल्याच दणक्याला बेल उडून खाली पडला की मशीन ठणठणीत, असं त्यांचं गणित.

आणि वूफर. त्याच्यासाठी तर मी हे लिहितोय.

अप्पांच्या घरात जुना आड होता. नळ आल्यावर त्याला कोणी विचारेना. अप्पांनी त्या आडावरच ही खोली उठवली. लतीफ मिस्त्रीनं आडाच्या तोंडावर स्लॅब टाकला, मधोमध परातीएवढं भोक ठेवलं, वर सागवानी फळ्या बसवल्या, आणि त्या भोकावर वूफर तोंड खाली करून पालथा घातला. म्हणजे धम्म झालं की आवाज आधी आडात उतरायचा, पाण्याला शिवायचा आणि मग तुमच्या तळव्यातून वर यायचा. खोटं नाही सांगत, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी एक दाढ हलायला लागली. गल्लीच्या टोकाला एका घरी पाळण्यातलं पोर आपोआप झोके घ्यायचं, आणि त्याची आई निवांत भाकरी थापायची. "असला वूफर अमेरिकेत न्हाई," अप्पा सांगायचे, "त्यांच्याकडं आड कुठून येणार?"

एवढा सगळा संसार मांडून अप्पा गाणं मात्र एकही पुरतं ऐकत नसत. सामानाबरोबर नमुन्याची एक तबकडी आली होती, तीच लावायचे. त्यात काच फुटायची, आगगाडी यायची, पाऊस पडायचा, आणि एक माशी सातही स्पीकरांतून गोल गोल फिरायची. माशीवर अप्पांचा फार जीव. खोलीत एखादी खरी माशी आली की त्यांना राग यायचा. तिचा आवाज तितका साफ नसतो म्हणे.

ऐकायला मात्र माणूस लागायचा. अप्पा दारात दबा धरून बसत आणि गल्लीतून जाणाऱ्याला दंडाला धरून आत ओढत. दूध घालायला आलेला गवळी असो की मीटर बघायला आलेला माणूस, माशी ऐकल्याशिवाय सुटका नाही. लोक अप्पांचं घर टाळून मारुतीच्या देवळाला वळसा घालून जायला लागले. देवळाची मिळकत त्या काळात वाढली असं पुजारी सांगतो.

आमच्या उदगीरला अधूनमधून जिल्हा होण्याचा ताप येतो. त्या साली ताप आणि दुष्काळ एकदमच आले. जिल्हा झालाच पाहिजे म्हणून मैदानात सभा ठरली आणि कृती समितीनं अप्पांकडं स्पीकर मागितले. अप्पा खुशीत. दिवसभर मैदानात जोडणी केली. लोकांना सांगितलं, टाळ्या वाजवू नका, आवाजात घाण होते. पुढारी आले, माइकजवळ बसले आणि भाषणाआधी शेजारच्या माणसाच्या कानात हळूच म्हणाले, "ह्यांना कोण जिल्हा देतंय? उरका लवकर." ते सात दिशांनी ऐकू आलं. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला तर पुढारी आपल्याच मानेमागं उभे आहेत असं वाटून त्यानं मागं वळून नमस्कार केला. सभा तिथंच मोडली. समितीनं अप्पांशी बोलणं टाकलं. अप्पांना त्याचं काहीच नाही. मला म्हणाले, "पण कुजबूज कशी स्वच्छ आली, बगा!"

जिल्ह्याचा ताप उतरला. दुष्काळ उतरेना.

नळ तर आमच्या लेखी वारलेच होते. टँकर यायचा तो गल्लीच्या तोंडाशी, आणि आला की बायका-माणसं पाइपावर अशी तुटून पडत की ड्रायव्हर केबिनच्या टपावर चढून बसायचा. माझी बायको आंघोळीचं पाणी भांड्यांना, भांड्यांचं फरशीला आणि फरशीचं तुळशीला घालायची. तुळशीच्या पानांना शेवटी साबणाचा वास यायला लागला.

मग साहजिकच सगळ्या गल्लीला आड आठवला.

आडाला पाणी आहे हे कोणी शोधून काढायची गरज नव्हती. अप्पांनीच गावभर सांगितलं होतं. पाणी खाली गेलं की वूफरचा आवाज जाड होतो, वर आलं की बारीक, हे त्यांचं शास्त्र. रोज सकाळी ते एक धम्म वाजवायचे आणि जाहीर करायचे, आज छातीएवढं हाय, आज कमरंएवढं. तेव्हा बायकांचा घोळका रिकाम्या घागरी घेऊन अप्पांच्या दारात गेला. पुढं शांताबाई. नवरा भोळा आणि म्हैस आगाऊ, त्यामुळं घरातलं सगळं बोलणं तिच्याच वाट्याला आलेलं. माझी बायकोही गेली. मी खिडकीत उभा राहून पाठिंबा दिला.

शांताबाईनं सरळ सांगितलं, आडाचं तोंड मोकळं करा. अप्पांनी एकदा घागरींकडं बघितलं, एकदा आतल्या सागवानी फळ्यांकडं.

"आड आटला," ते म्हणाले.

"परवा तर कमरंएवढं म्हणत होता की."

"ते मशीन म्हणतंय. मी न्हाई."

शांताबाई चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं घागर कडेवर घेतली, पदर सावरला आणि म्हणाली, "बरं. बसा मग एकलेच ऐकत."

त्या दिवसापासून गल्लीनं अप्पांचं दार सोडलं. आधी लोक चुकवून पळायचे, आता समोरून ताठ मानेनं जायला लागले. अप्पांनी दंड धरला तर दंड सोडवून घेत. गवळी दूध उंबऱ्यावर ठेवून पसार व्हायचा. माझ्यावर घरून बंदी होती. एकदा अप्पांनी मला जाताना बघितलं आणि नवी जोडणी केलीय म्हणाले, माशी आता कानात शिरल्यासारखी वाटते. मी काम असल्याचं सांगितलं. ते दोन पावलं माझ्यामागं आले.

"घड्याळ असू द्या हातात," म्हणाले. "चालतंय."

मी थांबलो असतो. पण खिडकीत बायको उभी होती, आणि घरात प्यायला एक कळशी उरली होती.

मग ती दुपार आली. ऊन असं की डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत सोबत यायचं. गल्ली दारं लावून पडलेली. आणि एकाएकी ढग गडगडले. मागोमाग टपटप, मग सर, मग धो धो. मी उठून बसलो. बायको जिन्यावरून गच्चीकडं पळाली, ड्रमांची झाकणं काढायला. मी हाताला लागला तो तांब्या घेऊन रस्त्यावर आलो. सगळी गल्ली बाहेर आली होती. शांताबाईनं पत्र्याच्या पन्हाळीखाली हंडे, परात, पाट्या, म्हशीची बादली असं सगळं ओळीनं मांडलं आणि हात पुढं करून वर बघत उभी राहिली.

वर आभाळ कोरडं ठाक, कढईच्या बुडासारखं तापलेलं. थेंब नाही. आणि पावसाचा आवाज तर चारी बाजूंनी.

अप्पांच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. कधी नाही ते. कोणी येत नाही म्हटल्यावर अप्पांनी दार उघडून तबकडीवरचा पाऊस पुऱ्या आवाजात सोडला होता. माणसं ओढायला दुसरा उपाय त्यांच्याकडं उरला नव्हता. आणि माणसं खरंच आली. अप्पा हसत बाहेर आले, दोन्ही हात पुढं करून, "या, या, आत या" म्हणत. मग त्यांना पन्हाळीखालची भांडी दिसली.

कोणी शिवी दिली नाही. आमच्या गल्लीच्या इतिहासात हे पहिल्यांदा घडलं. आतला पाऊस धो धो चाललेला, आणि शांताबाई खाली वाकून एकेक हंडा उचलत होती. हंड्यावर हंडा ठेवताना आवाज व्हायचा तेवढाच. अप्पांचे हात खाली आले. ते आत गेले आणि पाऊस मधेच तुटला.

ऊन कलायच्या आत लतीफ मिस्त्री पहार आणि घण घेऊन दारात हजर होता. स्लॅब त्यानंच टाकलेला. आत काय मोडणार हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? त्यानं वूफर उचलून बाजूला ठेवला, फळ्यांवरून हात फिरवला आणि अप्पांकडं वळला.

"अप्पा, सोच लो. फिर वो धम्म नहीं आयेगा."

"फोड," अप्पा म्हणाले.

पहिला घाव पडला तेव्हा अप्पांनी कानात बोटं घातली. ज्यानं आयुष्यभर डाळमिल ऐकली त्या माणसानं.

पाणी होतं. कमरंएवढं नव्हे, चांगलं पुरुषभर होतं. मशीन खोटं बोललं म्हणून अप्पा तिथल्या तिथं त्याच्यावर रागावले. दोन दिवस उपसा केला, गाळ काढला, औषध टाकलं. लतीफनं आडावर चाक बसवलं, आणि पहाटेपासून खोलीत बायकांची रांग लागली. ओल्या पायांनी सागवान काळं पडलं. एका स्पीकरवर कुणीतरी ओला दोर वाळत घातला. पोत्यांतला भुसा उंदरांना सापडला. चाक किरकिरायचं, घागरी आदळायच्या, नंबरावरून रोज एक भांडण व्हायचं आणि प्रत्येक भांडणात शांताबाई असायची, कधी या बाजूनं तर कधी त्या. अप्पा मधोमध उभे. कोणाची पाळी, कोणाचं पोर आजारी, कोणाला आधी सोडायचं, हे सगळं त्यांच्याकडं. एकदा हौसेनं त्यांनी मशीन लावून बघितलं. वूफर फुटक्या डेऱ्यासारखा बोंबलला. त्यांनी तो बंद केला आणि त्यावर बायकांच्या चहाचे कप ठेवायला सुरुवात केली.

पाऊस पुढच्या साली चांगला झाला. नळ आले. ड्रम अडगळीत गेले. तरी बायका नेमानं अप्पांकडं पाण्याला जात होत्या. आडाच्या पाण्यात डाळ लवकर शिजते म्हणे. खरं म्हणजे गल्लीतल्या बातम्या तिथंच शिजत होत्या.

एक दिवस मीही गेलो. मिस्त्रीनं आठ दिवसांत स्लॅब टाकून देतो, फळ्या पुन्हा बसवतो असं सांगितल्याचं माझ्या कानावर होतं. अप्पांचा शौक परत सुरू व्हावा असं मला मनापासून वाटत होतं. आडाभोवती ही गर्दी. कोणीतरी कोणाच्या तरी सुनेबद्दल सांगत होतं आणि अप्पा कान देऊन ऐकत होते, मान थोडी कलती करून, माशी ऐकायचे तसे. मी विचारलं, "अप्पा, पाणी तर आता झालं सगळीकडं. स्लॅब कवा टाकताय?"

माझ्या शेजारी लतीफ मिस्त्री पोहरा ओढत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग अप्पांकडं, आणि पुन्हा दोर ओढायला लागला.

"मिस्त्री भेटंना झालाय," अप्पा म्हणाले.