मास्तरांच्या घरची पाहणी

"घरी कोणी येतं का, आजोबा?"

पाहणीला आलेल्या मुलीनं हे विचारलं, तेव्हा मास्तर खिडकीशी शिलाई मशीनसमोर बसून कोपऱ्यावरच्या बसथांब्याकडे बघत होते. शिंपीकाम सोडून बरीच वर्षं झाली होती, पण गळ्यातली टेप आणि 'मास्तर' ही हाक काही सुटली नव्हती. मुलगी सरकारी दवाखान्याच्या कामाचं मूल्यमापन करत घरोघर हिंडत होती. म्हाताऱ्यांना घरी जाऊन तपासायची योजना नीट चालते का, सिस्टर वेळेवर येते का, हे बघायला आलेय, असं तिनं आल्याआल्या घडाघडा सांगितलं होतं. मास्तरांच्या कानात त्यातलं काही शिरलं नव्हतं. नुकतीच एक बस थांबली होती आणि तिच्यातून मोठी बॅग सावरत एक बाई उतरत होती. चेहरा वळला, तेव्हा ती दुसरीच कोणीतरी निघाली.

"कोण्णी येत नाही," मास्तर म्हणाले. "वाट बघून बघून डोळे दुखायला लागले."

मुलगी नोकरीत नवी होती. आतापर्यंत प्रत्येक घरात तिला 'सगळं छान आहे' एवढंच ऐकायला मिळालं होतं. तिनं टॅबवर 'गृहभेटी होत नाहीत' अशी नोंद केली, आणि कामात कसूर नको म्हणून 'डोळ्यांचा त्रास' यापुढेही खूण केली.

वास्तविक सिस्टर दर आठवड्याला यायची. दोन जिने चढून, धापा टाकत यायची, बीपी बघायची, पायाची सूज दाबून बघायची आणि जाताना मनसोक्त ओरडून जायची. पण मास्तर तिला पाहुण्यांत धरतच नव्हते. त्यांच्या लेखी येणं म्हणजे एकाच माणसाचं येणं, परदेशात नोकरी करणाऱ्या लेकीचं. "या सुट्टीत नक्की येते, बाबा," असं ती प्रत्येक सुट्टीआधी म्हणायची. मास्तर गादीला ऊन दाखवून ठेवायचे. मग काहीतरी निघायचं, आणि ती गादी पुन्हा गुंडाळली जायची.

पुढच्या आठवड्यात सिस्टर आली ती न ओरडता.

"मास्तर, मी येत नाही का हो तुमच्याकडे?"

"म्हणजे काय? ही काय समोर उभी आहेस!"

"मग साहेबांनी मला पत्र का दिलं? म्हणे, खोट्या भेटी दाखवते. चौकशी लागलीय माझी." एवढं बोलून ती तिथंच रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मास्तर कोट चढवून दवाखान्याच्या मोठ्या साहेबांसमोर हजर झाले. पाहणीवाली मुलगी तिथंच बसली होती.

"साहेब, सिस्टर येते. अगदी नियमित येते."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हांला इथं कोणी पाठवलं?"

"माझा मीच आलो. काल सिस्टर घरी येऊन रडली, म्हणून म्हटलं..."

"रडली! आणि आज तुम्ही जबाब बदललात." साहेबांनी मुलीकडे पाहिलं. तिनं मास्तरांच्या डोळ्यांदेखत 'रुग्णावर दबाव' असं लिहिलं.

"अहो, पण घरी येऊन रडली म्हणजे घरी आलीच ना!"

"ती पत्र मिळाल्यावर. पत्राआधीचं काय?"

मास्तर तडक घरी आले आणि खालच्या इस्त्रीवाल्याला हाताला धरून घेऊन गेले. इस्त्रीवाला साक्ष द्यायला भलताच उत्सुक होता.

"येते की, साहेब! तिचा आवाज माझ्या दुकानात ऐकू येतो. असली ओरडते! एकदा तर मला वाटलं, म्हाताऱ्याला मारतेच आहे."

मुलीनं 'रुग्णांशी वर्तन' असा नवा मुद्दा उघडला.

"अरे, एवढं सांगायची काय गरज होती?" बाहेर आल्यावर मास्तर कळवळले.

"तुम्हीच म्हणालात ना, खरं सांग म्हणून?"

शेवटी प्रत्यक्ष खातरजमा करायला साहेब स्वतःच मास्तरांच्या खोलीवर आले. बसायला जागा नव्हती, म्हणून साहेब कापड बेतायच्या टेबलावर टेकले. मुलगी दाराशी उभी राहिली आणि सिस्टर कोपऱ्यात, बॅग पोटाशी धरून.

"सिस्टर येत होती, तर कोणी येत नाही असं का सांगितलंत?"

मास्तरांनी गळ्यातली टेप बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. 'लेक कामात असते, नाहीतर धावत येईल' असं त्यांनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. परक्या माणसांपुढे ते आता कसं उसवायचं? पण कोपऱ्यात सिस्टर खाली मान घालून उभी होती.

"मला वाटलं, ही पोर माझ्या लेकीबद्दल विचारतेय," ते हळूच म्हणाले. "ती येत नाही. सिस्टर येते."

मुलीनं टॅब खाली केला. साहेब खाकरले.

"समजलं. पण माझ्यापुढं आता दोन जबाब आहेत. जवळच्या नातेवाइकाला विचारावं लागेल. लेकीचा नंबर द्या."

"साहेब, तिला नको," सिस्टर एकदम म्हणाली.

त्याबरोबर साहेबांचा संशय जागा झाला. त्यांनी आपल्याच फोनवरून नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"तुमच्या वडिलांकडे सिस्टर जाते का?"

"जाते ना! काय झालं? पायाची सूज पुन्हा वाढली का? की मशीनच्या खणात लपवलेली साखर सापडली?"

मास्तर ताडकन उठले. "तुला कोणी सांगितलं गं?"

"बाबा? तुम्ही तिथंच आहात?" लेकीचा आवाज उतरला. "सिस्टर सांगतात. तुमच्याकडे जाऊन आल्या, की मी त्यांना फोन करते."

सिस्टर छताकडे बघायला लागली. सांगायचं नाही, अशी लेकीनं तिला शपथ घातली होती.

"मला का नाही विचारत?"

"विचारते की. तुम्ही 'मी ठीक आहे' म्हणता आणि ठेवून देता."

"तू घाईत असतेस, म्हणून ठेवतो."

"मी कुठे घाईत असते, बाबा? तुम्हांलाच बोलायचं नसतं, असं वाटतं मला."

मास्तरांनी साहेबांच्या हातातून फोन अलगद काढून घेतला, कानाला लावला आणि खिडकीशी जाऊन बसले. तिकडे आता उजेड आहे का, खोलीला खिडकी आहे का, खिडकीतून काय दिसतं, असं एकेक विचारत राहिले. मग स्वतःच्या गुडघ्याचं सांगितलं. मग तिच्या आईच्या जुन्या साडीची गोधडी शिवायला घेतलीय, पण धागा ओवता येत नाही, तेही सांगितलं.

साहेबांनी सिस्टरला मानेनंच 'झालं, सुटलीस' असं सांगितलं. खाली गाडीचा चालक हॉर्न देत होता. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं, तिसऱ्यांदा घसा खाकरला.

"मास्तर, माझा फोन..."

मास्तरांनी फोनवर हात ठेवला आणि कपाळाला आठ्या घालून वळून पाहिलं.

"हळू बोला हो, साहेब. लेकीशी बोलतोय."

आणि पुन्हा खिडकीकडे वळून म्हणाले, "काही नाही गं, दवाखान्याची माणसं आहेत. बसतील जरा वेळ. तू बोल."